आधी आईची डब्यांची वही काढ

प्रश्न: ताई, मी एसवायबीएमएसला (बीएमएसच्या दुसऱ्या वर्षाला) आहे, भांडुपला राहतो. बारावी सायन्समधून केली त्यामुळे अकाउंट्सशी कधी संबंध आला नव्हता, फर्स्ट इयरला फायनान्शियल अकाउंट्स कसंबसं निघालं. आता मॅनेजमेंट अकाउंटिंग आहे आणि सगळं डोक्यावरून जातंय. फॉर्म्युले पाठ आहेत, सरांनी फळ्यावर सोडवलेला सम तसाच्या तसा आला तर येतो, पण जरा फिरवून आला की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. इंटर्नलला 20 पैकी 7 पडले, केटी लागणार, विषय राहणार असं वाटतंय. मित्र म्हणतात हे आता एक्सेल आणि एआय करतं, पास होण्यापुरतं कर. दादरला एक क्लास आहे, 15 हजार फी सांगतात, लावू का? पुढे सीएमए, म्हणजे कॉस्ट अकाउंटंट, करायचं डोक्यात होतं, पण हे असे मार्क असताना ते बोलायलाही लाज वाटते. घरी विचारायची सोय नाही. बाबा बसवर ड्रायव्हर आहेत, आई घरून डबे देते, तिचा हिशोब एका वहीत असतो. परवा एका ऑफिसने तिच्याकडे रोज 25 डबे मागितले पण 70 रुपयाने, ती म्हणाली मलाच चौऱ्याहत्तरला पडतो, परवडत नाही, आणि सोडून दिलं. तर मी सुरुवात कुठून करू?
एस., भांडुप

एस.,

पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तू सगळ्यात शेवटी आणि जाता जाता लिहिलीयेस. घरी विचारायची सोय नाही म्हणतोस आणि लगेच पुढे सांगतोस की आई रोज डबे देते, तिची वही आहे, 70 रुपयाची ऑर्डर आली आणि तिने सोडली. अरे, ती ऑर्डर म्हणजे तुझ्या पेपरातला आख्खा प्रश्न आहे, स्पेशल ऑर्डर घ्यायची की नाही, आणि आईने त्याचं उत्तर उभ्या उभ्या देऊनसुद्धा टाकलं. बरोबर दिलं का ते बघूच. पण तुझा अभ्यास तिथून सुरू करायचा, त्या फॉर्म्युल्यांच्या झेरॉक्सवरून नको.

आधी एक गोष्ट साफ करू, कारण सायन्सवाल्या पोरांचं इथेच अडतं. फर्स्ट इयरला जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स, फायनल अकाउंट्स असं जे केलंस ते मुख्यतः बाहेरच्यांना दाखवायला असतं, बँकेला, इन्कम टॅक्सवाल्यांना, शेअरहोल्डरला. त्याचा साचा ठरलेला, कंपनीचा बॅलन्स शीट कसा मांडायचा ते 2013 च्या कंपनी कायद्याच्या शेड्यूल 3 मध्ये लिहूनच दिलंय, आणि ते सगळं होऊन गेलेल्या वर्षाबद्दल. मॅनेजमेंट अकाउंटिंग हे आतल्या माणसासाठी, ज्याला उद्या सकाळी काहीतरी ठरवायचंय. कितीला विकू, ही ऑर्डर घेऊ का, हा पार्ट स्वतः बनवू की बाहेरून आणू, ही ब्रँच चालू ठेवू की बंद करू. इथे डेबिट-क्रेडिट जवळपास नाहीच, त्यामुळे ते तुला जमलं नव्हतं म्हणून हेही जमणार नाही असं अजिबात नाही, उलट मी बघितलंय की सायन्सची पोरं एकदा का रुळली की इथे कॉमर्सवाल्यांच्या पुढे जातात कारण त्यांना इक्वेशनची भीती नसते. आणि सम कितीही फिरवून आला तरी आत प्रश्न एकच असतो: मी हे असं ठरवलं तर कुठले रुपये बदलतील आणि कुठले जागच्या जागी राहतील? हा एक प्रश्न विचारायची सवय लागली ना की अर्धे फॉर्म्युले तुला स्वतःला मांडता येतील.

आता वही काढ. रविवारी दुपारी आई जरा टेकली की तिच्याशेजारी बस आणि एका महिन्याचा सगळा खर्च लिहून घे, पण तिला "तुझी फिक्स्ड कॉस्ट किती" असलं काही विचारू नकोस, ती उठून जाईल. विचार, "आई, उद्या दहा डबे कमी झाले तर यातलं काय काय कमी होईल?" ती पटापट सांगेल, कारण हे तिला रोज करावं लागतं. कणीक-तांदूळ-डाळ-भाजी कमी लागेल, गॅस थोडा कमी जळेल, पोचवणाऱ्या मुलाला डब्यामागे पैसे असतील तर तेही कमी. पोळ्यांच्या मावशींचा पगार मात्र कमी होणार नाही, भांडीवालीचा नाही, फोनचा रिचार्ज नाही. झालं, कमी होतं ते तुझं व्हेरिएबल आणि होत नाही ते फिक्स्ड.

मधले काही खर्च दोन्हीकडे पाय ठेवून असतात, सेमी-व्हेरिएबल. त्याचं उदाहरण तुझ्या घरात भिंतीला टांगलेलं असेल. भांडुपला महावितरणची लाइट ना? बिल काढ, त्यात "स्थिर आकार" वेगळा असतो आणि "वीज आकार" वेगळा. पंखा लावा नाहीतर गावाला जा, स्थिर आकार येतोच, दुसरा युनिटप्रमाणे वाढतो. पुस्तकात हाय-लो मेथड म्हणून जे आहे ते म्हणजे सगळ्यात जास्त वापराचा आणि सगळ्यात कमी वापराचा असे दोन महिने घ्यायचे, खर्चातल्या फरकाला युनिटच्या फरकाने भागायचं, तो व्हेरिएबल दर, उरलेला फिक्स्ड. लाइटबिलाला स्लॅब असतात म्हणून तंतोतंत जुळणार नाही, पण मेथड अशी डोक्यात बसेल की जन्मात विसरणार नाहीस.

आता आकडे घेऊ. हे मी धरलेत, तू वहीतले खरे टाक, पण तुझी आई चौऱ्याहत्तर म्हणाली म्हणून मी तिथे पोचतील असेच घेतलेत. समज रोज 40 डबे, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 1000 डबे, आणि डबा 100 रुपयाला. एका डब्याला धान्य-भाजी-तेल-मसाला 46, गॅस 6, पोचवायचे 8, असे 60 व्हेरिएबल. महिन्याचा फिक्स्ड म्हणजे पोळ्यांच्या मावशी 9,000, भांडी 2,500, लाइट आणि फोन 1,500, मिक्सर-ग्राइंडर-शेगडीचा घसारा म्हणजे झीज 1,000, मिळून 14,000. एकूण खर्च 60,000 अधिक 14,000, भागिले 1000, डबा पडला 74 ला. महिन्याला राहतात 26,000. या 26,000 ला नफा म्हणायचं की आईचा पगार हा वेगळाच प्रश्न आहे, कारण पहाटे उठून ती जे राबते त्याची ओळ वहीत कुठेच नसणार, पैज लावते.

तर 70 रुपयाची ऑर्डर. आईचा हिशोब असा की मला 74 ला पडतो, 70 ला कसा देऊ. बरोबर वाटतं ना? पण 74 मधले 14 रुपये कुठले? ते मावशींचे, भांड्यांचे, घसाऱ्याचे, ते ती ऑर्डर घेतली काय आणि नाही घेतली काय, जाणारच आहेत, चाळीस डब्यांनी ते आधीच भरून काढलेत. नवीन डब्याने नवीन खर्च किती येतो तेवढंच बघायचं. तो 60, आणि खरं तर 60 पण नाही, कारण 25 डबे एकाच ऑफिसात टाकायचेत, मुलगा एका फेरीचे 100 घेईल, म्हणजे डब्यामागे 4 च, तर 56. मग 70 वजा 56, कॉन्ट्रिब्युशन, म्हणजे व्हेरिएबल खर्च जाता उरलेले, 14 रुपये. 25 डबे गुणिले 25 दिवस, 625 डबे, महिन्याला 8,750 जास्तीचे. गाइडमधला सम इथे संपतो, उत्तर "ऑर्डर अॅक्सेप्ट करावी", डबल अंडरलाइन.

पण तू गाइडमध्ये राहत नाहीस, भांडुपमध्ये राहतोस. 65 डब्यांच्या पोळ्या एका मावशींच्याने होतील का? नाही झाल्या तर अर्ध्या दिवसाला दुसऱ्या मावशी, धर 6,000. हा फिक्स्डच आहे पण या ऑर्डरमुळे आलाय म्हणून तो हिशोबात धरायचा, याला स्टेप कॉस्ट म्हणतात, आणि "फिक्स्ड कॉस्ट कधीच रेलेव्हंट नसते" हे जे पोरं पाठ करतात ते इथे तोंडावर आपटतं. 8,750 वजा 6,000, उरले 2,750. आता आईला रोज दोन तास जास्त उभं राहावं लागलं तर महिन्याचे 50 तास, तासाला पडले 55 रुपये. तिचा तो वेळ, ती त्यात दुसरं काय करू शकली असती, मग ते पापड लाटणं असो नाहीतर नुसतं पाठ टेकून पडणं असो, ती अपॉर्च्युनिटी कॉस्ट. वहीत नसते, पण असते.

अजून एक. रोजच्या चाळीस जणांतल्या कोणाला कळलं की शेजारच्या ऑफिसला 70 ने देतात, तर? सगळ्यांनी फक्त 5 रुपये कमी करून मागितले तरी 1000 डब्यांचे 5,000 गेले, म्हणजे 2,750 मिळवायला गेलो आणि 2,250 खिशातून घालवून बसलो. म्हणून पुस्तकात त्या सगळ्या सम्सखाली एक ओळ असते, "नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या विक्रीवर परिणाम होणार नाही असं गृहीत धरून", ती ओळ कोणी वाचत नाही, आणि तीच सगळ्यात महाग असते.

मग आई बरोबर की चूक? तिचं कारण चूक, पण तिचं "नाही" बहुतेक बरोबर. आणि कारण महत्त्वाचं यासाठी की कारण बरोबर असतं तर तिने ऑर्डर सोडली नसती, भाव केला असता. बघ ना, दुसऱ्या मावशींचे 6,000 भागिले 625 म्हणजे 9 रुपये 60 पैसे, ते 56 मध्ये मिळव, 65 रुपये 60 पैसे हा या ऑर्डरचा तळ. त्याच्या खाली गेलं की घरातून पैसे घालायचे. 80 ला पटवलं तर डब्यामागे 24 सुटतात, महिन्याला 15,000, मावशी वजा जाता 9,000, तासाला 180. तो वेगळा विचार झाला ना? ऑफिसवाल्यांना 70 आणि 80 मध्ये काय फरक पडतो ते त्यांनाच विचारायला हवं होतं.

आणि गंमत बघ, 70 ला ऑर्डर घेतली तर सगळे मिळून डबे 1625, खर्च 60,000 अधिक 35,000 अधिक 20,000, म्हणजे 1,15,000, सरासरी 70 रुपये 77 पैसे. म्हणजे ऑर्डर घेतल्यावरही सरासरी 70 च्या वरच, तरीही हातात 26,000 च्या जागी 28,750. सरासरीकडे बघून ठरवणारा माणूस दोन्ही वेळा नाहीच म्हणेल. हा आकडा स्वतः वहीत करून बघ, मी सांगितलं म्हणून मानू नकोस. मार्जिनल कॉस्टिंग, म्हणजे फक्त व्हेरिएबल खर्च नगावर धरायची ही पद्धत, ज्याला कळलं त्याला हे कळलेलं असतं आणि ज्याला हे कळलं त्याला चॅप्टर कळला.

एवढं झालं की ब्रेक-इव्हन तुला शिकवावं लागणार नाही. एका डब्यामागे 40 सुटतात, 14,000 भरून काढायला किती डबे? 350. रोज 40 म्हणजे नवव्या दिवशी खर्च निघाला, त्यानंतरचे सगळे घरचे. पीव्ही रेशो, म्हणजे विक्रीतला कॉन्ट्रिब्युशनचा वाटा, 40 टक्के, ब्रेक-इव्हन विक्री 35,000, एकूण विक्री 1,00,000, मार्जिन ऑफ सेफ्टी, म्हणजे ब्रेक-इव्हनच्या वरची विक्री, 65,000. त्याला 40 टक्क्याने गुण, 26,000 येतात, म्हणजे नफाच. परीक्षेत उत्तर ताडायला ही युक्ती वापर, अर्ध्या मिनिटात कळतं कुठे चुकलास ते. आणि महिन्याला 30,000 हवे असतील तर 14,000 अधिक 30,000 भागिले 40, 1100 डबे, रोजचे 44. हे आईला सांगितलंस की ती पहिल्यांदा तुझ्या कॉलेजच्या फीकडे आदराने बघेल.

आता जरा अवघड. समज चाळीसपैकी पाच डबे जैन आहेत, कांदा-लसूण नाही, बटाटा-गाजर नाही, वेगळी कढई, वेगळी भाजी, पस्तीस डब्यांच्या एका भाजीला जेवढा वेळ जवळपास तेवढाच त्या पाच डब्यांच्या भाजीला. मग 14,000 सगळ्या डब्यांवर सारखे वाटले तर जैन डबा स्वस्त दिसतो आणि बाकीच्यांच्या डोक्यावर त्याचा भार पडतो. भाज्या किती वेळा कराव्या लागल्या, भांडी किती निघाली, यावरून वाटले तर खरं चित्र दिसतं. हे अॅक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग, 1980 च्या दशकात हार्वर्डच्या रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी कारखान्यांचे हिशोब बघून हेच दाखवलं की कमी खपाची आणि जास्त कटकटीची प्रॉडक्ट्स जुन्या वाटणीत फुकट फायदेशीर दिसतात. त्यांच्यासमोर जैन डबा नव्हता एवढंच.

तसंच की फॅक्टर, म्हणजे लिमिटिंग फॅक्टर. सणाच्या आठवड्यात आईला पुरणपोळीच्या ऑर्डरी येतात समज. डब्यामागे सुटतात 40, पुरणपोळीमागे 20. कोणीही म्हणेल डबा फायद्याचा. पण अडलंय कशावर? तव्यावर. डब्याच्या पोळ्यांना तवा 5 मिनिटं अडतो, एका पुरणपोळीला 2 मिनिटं. मिनिटाला डबा देतो 8, पुरणपोळी देते 10. जे कमी पडतंय त्याच्या एका युनिटमागे किती सुटतं ते बघायचं, नगामागे नाही. पेपरात मशीन अवर येतील, कच्चा माल येईल, तवा येणार नाही, पण गोष्ट तीच.

स्टँडर्ड कॉस्टिंगला, म्हणजे ठरलेला खर्च प्रत्यक्षाशी ताडायला, तर पोरं नुसती ए (अॅडव्हर्स, तोट्याचा) आणि एफ (फेव्हरेबल, फायद्याचा) च्या कंसांत हरवतात. तूरडाळ घे. डब्याला 40 ग्रॅम ठरलेली, भाव 150 रुपये किलो, 1000 डब्यांना 40 किलो, 6,000 रुपये. प्रत्यक्षात लागली 44 किलो आणि भाव मिळाला 165, बिल झालं 7,260. 1,260 जास्त गेले, पण का गेले? भावातला फरक 15 गुणिले 44, 660. जास्तीची 4 किलो गुणिले ठरलेला भाव 150, ती 600. पहिल्यावर आई वाणी बदलण्यापलीकडे फारसं काही करू शकत नाही, दुसऱ्यावर करू शकते, कोणाचा तरी हात सैल सुटलाय किंवा डाळ उतू जातेय किंवा पावशेराचं माप बदललंय. हा फरक म्हणजेच व्हेरिअन्स, आणि व्हेरिअन्स म्हणजे कोणाला जाऊन काय विचारायचं याची यादी, बाकी काही नाही. फॉर्म्युल्यात प्रत्यक्ष क्वांटिटी कुठे घ्यायची आणि स्टँडर्ड भाव कुठे याचा गोंधळ होतो ना तुझा, सगळ्यांचाच होतो, तो एवढ्याने जावा. आणि फ्लेक्सिबल बजेट हे याच्याच आधीचं पाऊल, महिन्यात 1000 च्या जागी 1200 डबे गेले तर 1000 च्या बजेटशी तुलना करून "डाळीचा खर्च वाढला" म्हणणं हा अन्याय आहे, आधी बजेट 1200 ला नेऊन ठेवायचं आणि मग भांडायचं.

कॉस्ट शीट मी मुद्दाम मागे ठेवली. ती मांडणी आहे, सवयीने येते, प्राइम कॉस्ट, वर्क्स कॉस्ट, कॉस्ट ऑफ प्रॉडक्शन, कॉस्ट ऑफ सेल्स, चार-पाच वेळा हाताने लिहिलीस की झालं. एकच सापळा लक्षात ठेव, व्याज, इन्कम टॅक्स, डिव्हिडंड, देणग्या, मालमत्ता विकून झालेला नफा-तोटा असल्या निव्वळ फायनान्शियल गोष्टी त्यात टाकायच्या नाहीत, त्या मुद्दाम यादीत मधेच पेरलेल्या असतात. मार्जिनल आणि अॅब्झॉर्प्शन (फिक्स्ड खर्चही नगांवर वाटायची पद्धत) यांतला नफ्याचा फरक मात्र डब्यांवर कळणार नाही कारण डब्याचा स्टॉक उरत नाही, उरला तर तो रात्री तुम्हीच खाता. तिथे कारखाना डोळ्यापुढे आण, माल बनला जास्त, विकला कमी, तर अॅब्झॉर्प्शनमध्ये फिक्स्ड ओव्हरहेडचा एक तुकडा न विकलेल्या मालात जाऊन बसतो आणि नफा फुगलेला दिसतो. फायनान्शियल अकाउंट्सला स्टॉकची किंमत काढताना फिक्स्ड प्रॉडक्शन ओव्हरहेड नॉर्मल कपॅसिटीवर धरायचे असं एएस 2 हे अकाउंटिंग स्टँडर्ड सांगतं, त्यामुळे मार्जिनल हे आतल्या वापरापुरतं.

आता परीक्षेचं, कारण 20 पैकी 7 हे खरंय आणि डबे देऊन ते बदलणार नाही. तुझं "फिरवून आला की अडतं" याचं कारण मला असं दिसतं की तू चॅप्टरवार सम सोडवतोस. ब्रेक-इव्हनच्या चॅप्टरमधले दहा सम ओळीने केले की अकराव्याला विचारच करावा लागत नाही, आधीच माहीत असतं काय वापरायचं ते. पेपरात ते कोणी सांगत नाही. म्हणून जुन्या पेपरांतले आणि पुस्तकातले सम चिठ्ठ्यांवर लिही, चॅप्टरचं नाव न लिहिता, डब्यात टाक, रोज संध्याकाळी तीन काढ. काढल्यावर लगेच कॅल्क्युलेटर नको. आधी शेवटची ओळ वाच, काय मागितलंय, मग एका वाक्यात मराठीत लिही की इथे ठरवायचं काय आहे आणि कुठले रुपये बदलतायत, आणि अंदाज बांध की उत्तर वाढेल की कमी होईल. मग सोडव. सोडवलेलं उत्तर शेजारी उघडं ठेवून "हां, कळतंय" असं म्हणत वाचणं याला मी अभ्यास मानत नाही, लोकलमध्ये उभं राहून करायला ठीक आहे फारतर.

वर्किंग नोट्स लिही. उत्तर चुकलं तरी स्टेपला मार्क मिळतात, आणि नुसता आकडा लिहून पुढे गेलास तर तपासणाऱ्याला तुझ्या डोक्यात शिरता येत नाही. प्रत्येक आकड्यापुढे एकक टाक, रुपये, नग, तास, टक्के. गृहीत धरलं असेल तर तसं लिही. आणि शेवटी एक ओळ, ऑर्डर घ्यावी की नाही आणि का, कारण प्रश्न निर्णयाचा होता.

एक्सेल आणि एआयबद्दल तुझे मित्र अर्धे बरोबर. गुणाकार तेच करणार, करू दे. पण 6,000 च्या दुसऱ्या मावशी हिशोबात घ्यायच्या आणि 1,000 चा घसारा नाही घ्यायचा हे एक्सेलला तू सांगणार, आणि तू सांगायला विसरलास तर ते बिचारं सुंदर रंगीत चुकीचं उत्तर देईल. आईच्या डब्यांची एक शीट बनवच, भाव, डबे, खर्च हे वर वेगळ्या खान्यांत, खाली सगळे फॉर्म्युले, कुठेही आकडा हाताने टाइप केलेला नको. मग कांदा महागला की वर एक आकडा बदल आणि खाली ब्रेक-इव्हन कुठे सरकतो ते बघ. एआयला सम देऊन उत्तर मागू नकोस, तुझं सोडवलेलं दे आणि विचार की पहिली चूक कुठल्या स्टेपला झाली, आणि त्याचंही उत्तर ताडून बघ, आकड्यांत तेही छातीठोकपणे घसरतं.

दादरचा क्लास आत्ता नको. 15 हजार म्हणजे आईच्या हिशोबात 375 डब्यांचं कॉन्ट्रिब्युशन, नऊ-साडेनऊ दिवसांची मेहनत. महिनाभर वर सांगितलेलं करून बघ, आणि तरीही चिठ्ठी काढल्यावर सुरुवात सुचत नसेल तर लाव, पण आधी एक लेक्चर बसून बघायला माग, तिथेही फळ्यावर सम उतरवूनच घेणार असतील तर तसं तुझं कॉलेजमध्ये होतंयच. फुकटात बघायचं तर एनपीटीईएल आणि स्वयम या ऑनलाइन कोर्सच्या साइट्सवर आयआयटीच्या प्राध्यापकांची या विषयावरची लेक्चर्स आहेत, आणि इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्स ऑफ इंडियाचं स्टडी मटेरियल त्यांच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये मिळतं, त्यातली सोडवलेली उदाहरणं बाजारातल्या गाइडपेक्षा कितीतरी बरी असतात. भाषा जड आहे, पहिल्या दहा पानांत सोडून द्यावंसं वाटेल, सरळ उदाहरणांवर उडी मार.

सीएमएचं. ती परीक्षा हीच संस्था घेते, 1959 च्या कायद्याने बनलेली, आधी आयसीडब्ल्यूएआय म्हणायचे, जुने लोक अजून तेच म्हणतात. फाउंडेशन, इंटरमीडिएट, फायनल अशा तीन पायऱ्या, पण ग्रॅज्युएट झालास की फाउंडेशन द्यावी लागत नाही, थेट इंटरमीडिएटला बसता येतं, त्यामुळे आत्ता घाई करून दोन्हीकडे ओढाताण करायचं काही कारण नाही. 7 मार्कांची लाज त्यात आणू नकोस, ते इंटर्नलचे मार्क आहेत. त्यापेक्षा टीवायच्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या, आधीच्या सुट्टीत एखाद्या कारखान्यात, तळोजा म्हण, अंबरनाथ म्हण, ठाणे-बेलापूर पट्टा म्हण, कॉस्टिंग डिपार्टमेंटला इंटर्नशिप मिळते का बघ, मोठी कंपनी नको, छोटीच बघ, तिथे पगार नाममात्र असेल पण तुला शॉप फ्लोअरवर जाऊ देतील आणि स्क्रॅपचं वजन करायला लावतील. दोन महिने ते काम आवडलं तर फॉर्म भर, कंटाळा आला तर फायनान्समध्ये बाकी पुष्कळ वाटा आहेत.

ताई